जेसीबीने काढलेली रांगोळी

"बाबांना घरी आणायचं काम आजपासून माझ्याकडे," मिनलने पोहे खाता खाता जाहीर केलं आणि ताटलीवर चमचा असा आपटला, जशी शाळेच्या शिपायाने मधल्या सुट्टीची घंटा द्यावी.

"आण," आई म्हणाली. "येताना कोथिंबीरही आण."

आईचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. मिनलचे बाबा, धम्मरत्न, मोठमोठी गोडाऊन बांधणाऱ्या कंपनीत साइट इंजिनीअर होते. मिनल पाचवीत असताना ते भिवंडीला गेले, सहावीत साणंदला, आठवीत होसूरला. ती जसजशी उंच होत गेली तसतशी बाबांची गोडाऊन लांब होत गेली. मग ती नववीत गेली आणि चमत्कार झाला. बाबांना चाकणची साइट मिळाली. चिंचवडच्या घरापासून चाकण म्हणजे अंगणच. त्या दिवशी घरात बासुंदी झाली होती. बाबा आता रोज संध्याकाळी घरी येणार, मिनलच्या शेजारी बसून जेवणार, तिच्या गणितात चुका काढणार, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं.

फक्त चाकणच्या ट्रॅफिकला कुणी विचारलं नव्हतं.

होसूरहून बाबा निदान रेल्वेने यायचे, आणि रेल्वे कधी ना कधी पोचते. चाकणहून निघालेला माणूस कुठे पोचेल आणि तोवर कोणता सण येईल, हे कुणी सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यात बाबा दोनदा आले. दोन्ही वेळा मिनल झोपली होती आणि ती उठायच्या आत ते गेलेही होते. पुरावा म्हणून बेसिनवर ओला ब्रश होता. मग साइटवरच्या केबिनमध्ये एक कॉट आली, कॉटवर चादर आली, आणि बाबा यायचे थांबले.

"होसूर बरं होतं," आई म्हणायची. "लांब होतं ते लांब आहे म्हणून तरी कळायचं."

रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात बाबा अर्धे दिसायचे आणि त्यांच्यामागे भिंतीवरचा नकाशा पूर्ण दिसायचा. हे जुनं गोडाऊन, त्याच्या पाठीला हे नवीन जोडायचं. ट्रक इकडून आत, तिकडून बाहेर. जोड अशी बसली पाहिजे, की पावसाच्या थेंबालासुद्धा ती सापडता कामा नये. बोलताना बाबांचा चेहरा उजळायचा. नकाशात कुठे चूक दिसली की ते लाल पेनाने तिच्याभोवती ढग काढायचे, गुबगुबीत, लहान मुलाने काढावा तसा. इंजिनीअर लोकांत चूक अशीच दाखवतात म्हणे. मिनलच्या गणितातही पूर्वी असे लाल ढग असायचे. हल्ली तिची गणितं चुकायची तशीच, पण त्यांच्यावर आभाळ एकदम निरभ्र.

"त्या गोडाऊनला महिन्याभरात नवीन दारं काढलीत तुम्ही," आई कॉलमध्ये डोकं घालून म्हणायची. "आपल्या न्हाणीघराच्या दाराची कडी तेवढी बसवायला कधी येताय?"

"भूमिपूजन होऊ दे," बाबा म्हणायचे. "रविवारी भूमिपूजन झालं की तुमच्याबरोबरच घरी येतो. सोमवारी सुट्टी टाकलीय."

हेच ते काम, जे मिनलने हातात घेतलं होतं. भूमिपूजनाला घरच्यांनाही बोलावणं होतं, आणि मंडपासमोर रांगोळी काढायची जबाबदारी बाबांनी मिनलला दिली होती. नुसती दिली नव्हती. "माझी मुलगी काढेल, शाळेत पहिली आलीय," असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं.

ती पहिली आली होती हे खरं. त्याआधीची मिनल वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची. स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालं, माईक हातात आला, आणि तेव्हापासून तिचा आत्मविश्वास गॅसवर विसरलेल्या दुधासारखा चढत होता. त्या रांगोळीचा फोटो तिने बाबांना पाठवला होता. बाबांनी एक अंगठा पाठवला. सगळ्यांनाच अंगठा पाठवत ते, वाण्यालासुद्धा.

पण साइटच्या फोटोंचं तसं नव्हतं. दर आठवड्याला साइटवर ड्रोन उडायचा, आणि ड्रोनचा प्रत्येक फोटो बाबा दोन बोटांनी मोठा करून करून बघायचे. एकदा एक हातमोजा कुणीतरी छतावर विसरलेला त्यांना त्यात सापडला होता.

"बाबांना काही दाखवायचं असेल तर ते ड्रोनला दिसलं पाहिजे," मिनलने ताडलं. रविवारी पूजेनंतर ड्रोन उडणार होता. म्हणजे रांगोळी काढायची ती माणसांसाठी नव्हे, ड्रोनसाठी.

आणि रांगोळी कोणती, हेही ठरलेलं होतं. पाच ते तीन. मधल्या ओळीत पाच ठिपके, वर आणि खाली चार-चार, मग तीन-तीन. बाबा भिवंडीला जायच्या आधी चिंचवडच्या गॅलरीत दोघं ही रांगोळी काढायचे. ठिपके बाबा घालायचे, फूटपट्टी लावून, एका डोळ्याने बघून. रेघा मिनल ओढायची. तिच्या रेघा नागमोडी जायच्या, तरी फूल व्हायचंच, कारण ठिपके चुकलेले नसायचे. आता ती मोठी झाली होती. आता ठिपके ती घालणार आणि रेघा बाबांकडून ओढून घेणार.

रविवारी सकाळी साइटची बोलेरो दोघींना घेऊन गोडाऊनवर पोचली, तेव्हा बाबा पांढरं हेल्मेट घालून चार माणसांशी एकदम बोलत होते. त्यांनी लांबूनच हात केला, आणि तोच हात लगेच एका ट्रकला मागे घेण्यासाठी फिरवला. मिनलला कळेना, आपल्याला 'ये' म्हणाले की 'मागे जा'.

जुन्या गोडाऊनच्या मागे नवीन बांधकामाची जमीन सपाट करून ठेवलेली होती, एवढी मोठी की पलीकडच्या टोकाची माणसं मुंगीएवढी दिसावीत. एका कोपऱ्यात मंडप, मंडपामागे कापडी कनात. मिनलने मंडपासमोर एक शहाण्यासारखी छोटी रांगोळी काढली, मालकांच्या आईंनी, चतुराबाईंनी, "ब्येस काढलीस पोरी" म्हटलं, आणि ते काम संपलं. आई चतुराबाईंच्या शेजारी गप्पांना बसली. मग मिनल कनातीमागे शिरली.

मोकळं रान. वर मोकळं आभाळ, ड्रोनचं.

रांगोळीची पिशवी तिच्याकडे पावशेराची होती, आणि समोर एकरांची जमीन. पण नशीब म्हणतात ते काय! कनातीच्या कडेला, मंडपाच्या सामानाला टेकून पांढऱ्या पुडीचं एक आख्खं पोतं ठेवलेलं होतं. मालकांचं मन मोठं, मिनलने मनात म्हटलं, पोतंभर रांगोळी आणून ठेवलीय.

ती रांगोळी नव्हती. ती फक्की होती, शाळेच्या मैदानावर धावण्याच्या रेषा मारतात ती. बांधकामावर तिचं एकच काम. जमिनीवर जिथे जिथे खांब उभा राहणार, तिथे फक्कीचा ठिपका टाकतात. मग त्या ठिपक्यावर पायाचा खड्डा खणतात. हे ठिपके टाकणाऱ्याचं नाव रोहिदास. तो पोतं तिथे ठेवून चहाला गेला होता.

मिनलने मंडपवाल्यांकडून टेप मागून घेतला, दोरी घेतली, दोन खुंट्या घेतल्या. मधली ओळ ताणून मारली. मग दोन ठिपक्यांवरून दोरीने दोन कमानी मारल्या आणि त्या जिथे छेदल्या तिथे वरचा ठिपका. ही युक्ती भूमितीच्या बाईंची होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच कामी येत होती. दोन ठिपक्यांमध्ये ट्रक निघेल एवढं अंतर. ठिपका म्हणजे चिमूट नव्हे, घमेलंभर फक्की. एकोणीस ठिपके झाले तेव्हा पोतं रिकामं होतं आणि मिनल भूतासारखी पांढरी. तिने कपडे झटकले, हात धुतले. रेघांना हात लावायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पूजा झाली, जेवणं झाली, की बाबांना हाताला धरून इथे आणायचं. म्हणायचं, चला, जोडा.

चहाहून परतलेल्या रोहिदासला पोतं दिसलं नाही. त्याने मंडपवाल्यांना दोन शिव्या हासडल्या, कनातीमागे न बघताच मोटरसायकलला किक मारली, आणि दुसरं पोतं आणायला तो चाकण चौकाच्या दिशेने, म्हणजे ट्रॅफिकच्या पोटात, दिसेनासा झाला.

पूजा यथासांग झाली. मालक अण्णासाहेबांनी कुदळ मारली, नारळ फुटला. मग अण्णासाहेब बोलायला उभे राहिले, आणि या जमिनीत त्यांच्या आजोबांनी लावलेल्या बाजरीपासून त्यांनी सुरुवात केली. त्यानंतर जेवणं जुन्या गोडाऊनच्या पुढच्या बाजूला, जिथे ट्रक मागून टेकतात त्या ओट्यावर होती. नवीन गोडाऊन भाड्याने घेणाऱ्या कंपनीचे दिल्लीचे साहेबही आले होते. मिनलने शेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकून ती बाबांसाठी अडवून ठेवली.

तेवढ्यात गोडाऊनच्या मागून जेसीबीची घरघर ऐकू आली.

"काम लागलं," अण्णासाहेब खूश होऊन दिल्लीच्या साहेबांना म्हणाले. "मुहूर्तावर सुरू म्हणजे मुहूर्तावर सुरू. आपल्याकडं असंच हाय."

बाबाही समाधानाने हसले. जेसीबीचा ऑपरेटर ज्योतीराम माणूस चांगला, पण दर खड्ड्याला फोन करून विचारायची त्याला सवय. म्हणून बाबांनी आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवलं होतं: नारळ फुटला की कनातीमागे जायचं, पांढरा ठिपका दिसेल तिथे हातभर उकरायचं, आणि मला फोन अजिबात करायचा नाही.

मिनलने घरघर ऐकली आणि तिला बरं वाटलं. बाबांचं काम मार्गी लागतंय, म्हणजे बाबा मोकळे होणार. तिने मठ्ठ्याचा आणखी एक ग्लास घेतला.

बाबा एकदाचे त्या अडवलेल्या खुर्चीत बसले. "कशी आहेस?" त्यांनी विचारलं, आणि मिनलला महिनाभर साठवलेल्या गोष्टींतली एकही आठवेना.

"बरी आहे," ती म्हणाली. "बाबा, जेवण झालं की पाच मिनिटं माझ्याबरोबर यायचं. कुठे ते विचारायचं नाही."

"येतो."

त्यांनी पुरीचा पहिला तुकडा मोडला, आणि अण्णासाहेबांनी ड्रोन उडवायचा हुकूम दिला. त्यासाठी लग्नात लावतात तशी मोठी स्क्रीन भाड्याने आणलेली होती. स्क्रीनवर आधी सगळ्यांची जेवणारी डोकी दिसली. मग जुन्या गोडाऊनचं निळं छप्पर सरकलं. मग मंडप, कनात.

आणि मग फूल.

पांढरं नव्हे. तपकिरी. पाच ठिपके, चार, तीन, आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी एकेक खड्डा, शेजारी मातीचा ढीग, एकसारखा, रेखीव. शेवटच्या ठिपक्यावर जेसीबी सोंड खुपसून उभा होता.

दिल्लीचे साहेब मान तिरकी करून बघत राहिले.

"ये नया डिझाइन है क्या?" त्यांनी विचारलं.

"धम्मरत्न," अण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता, "आपण गोडाऊन बांधतोय का बाग?"

बाबा पुरी हातात घेऊन उभे राहिले होते. ते स्क्रीनकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.

"पाच ते तीन," ते म्हणाले.

तोवर ज्योतीराम हात पुसत ओट्यावर येऊन पोचला. "साहेब, एक बी ठिपका सोडला न्हाई," तो म्हणाला. त्याला वाटलं, सगळे त्याचंच काम बघायला थांबलेत.

"ज्योतीराम, गोडाऊन चौकोनी असतं."

"मला बी जरा तसं वाटलं. पर म्हनलं, नवीन डिझाइन आसंल. आन् फोन करायचा न्हाई म्हनून तुमीच सांगितलं व्हतं." मग त्याने मनापासून भर घातली, "लाइन काय मारली होती पर! रोहिदासची आशी लाइन मी जल्मात बगितली न्हाई."

तशातही मिनलला एक क्षण फार अभिमान वाटला.

नेमका त्याच वेळी, खांद्यावर पोतं, अंगावर चाकणची सगळी धूळ, असा रोहिदास गेटमधून धापा टाकत आला. "आणली साहेब फक्की," तो म्हणाला. "कुठं टाकू ठिपके?"

ज्योतीरामने रोहिदासकडे बघितलं, रोहिदासने स्क्रीनकडे, आणि आईने मिनलच्या नखांत राहिलेल्या पांढऱ्या पुडीकडे. आईच्या नजरेतून आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा सुटली नव्हती.

मिनल उठली. माईक हातात नसताना चारचौघांत बोलणं किती अवघड असतं, हे ती विसरून गेली होती.

"बाबा, ते ठिपके माझे आहेत."

"एवढे मोठे?"

"ड्रोनला दिसायला हवे होते." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही ड्रोनचेच फोटो नीट बघता."

बाबांनी हातातली पुरी ताटात ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि रेघा?"

"त्या तुमच्यासाठी ठेवल्या होत्या."

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं. पुढे काय आलं असतं कोण जाणे, पण त्यांच्या आधी चतुराबाई बोलल्या. जमीन मुळात त्यांच्या नावावर होती, त्यामुळे त्या बोलल्या की अण्णासाहेबही शाळेतल्या पोरासारखे उभे राहत.

"आन्या, गप. ह्या रानात इतकी वर्सं नांगर फिरला, पन आशी नक्षी कुनी काढली न्हाई. भुई पुजलीस ना? मंग भुईवर रांगोळी नगं व्हय? पन अर्धी ठिवू नगा. अर्धी टाकलेली रांगोळी बरी न्हवं. पुरी करा, मंग काय बुजवायचं ते बुजवा."

"आई, अगं खड्डे हायेत ते."

"आसूंदेत. पुरी करा."

झालं. मालकांच्या आईचा हुकूम, आणि नशिबाने रोहिदासने आणलेली फक्की भरपूर. बाबांनी मिनलच्या डोक्यावर एक पांढरं हेल्मेट ठेवलं, पट्टा स्वतः अडकवला, आणि दोघं कनातीमागे गेले. एका घमेल्याचे कान दोघांनी धरले.

"खड्ड्यात पडू नकोस," बाबा म्हणाले.

"तुम्हीही."

खड्ड्याच्या काठावरून पुढच्या खड्ड्याच्या काठापर्यंत पांढरी रेघ गेली. बाबांची रेघ सरळ, फूटपट्टीची. मिनलची आजही जराशी नागमोडी. मधल्या खड्ड्यापाशी दोघं थांबले, आणि तिथे मिनलला सगळं आठवलं. भूमितीच्या बाई, स्नेहसंमेलनाचा माईक, वर्गातल्या विजयश्रीशी झालेलं भांडण, न्हाणीघराची कडी. ती बोलत राहिली आणि बाबा फक्की सोडत ऐकत राहिले. दोनदा त्यांचा फोन वाजला. दोन्ही वेळा त्यांनी तो खिशातच दाबला. डोक्यावर ड्रोन गुणगुणत होता, पण बाबांनी वर बघितलं नाही.

मग रांगोळी पूर्ण झाली. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. दिल्लीचे साहेब सगळ्यात जोरात वाजवत होते. हा पूजेचाच भाग आहे, असं त्यांना कुणीतरी सांगून टाकलं होतं.

"आता घरी?" मिनलने विचारलं.

बाबांनी हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "खड्डा खणणं सोपं असतं गं. बुजवणं अवघड. थर टाकायचा, पाणी मारायचं, वरून रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. नाहीतर उद्या फरशी खचते. असं एकोणीस ठिकाणी. मला थांबावं लागेल."

मिनलने मान डोलावली. बाबांना घरी आणायचं काम तिने हातात घेतलं होतं, आणि स्वतःच्या हाताने, दोरी लावून, चांगले एकोणीस खड्डे त्यांच्या वाटेत घालून ठेवले होते.

परतताना मोशीच्या अलीकडे बोलेरो थांबली ती थांबलीच, तेव्हा आई म्हणाली, "कोथिंबीर राहिली."

संध्याकाळी मिनल गॅलरीच्या कट्ट्यावर बसली होती, तेव्हा फोन वाजला. बाबांनी ड्रोनचा फोटो पाठवला होता. तपकिरी खड्डे, पांढऱ्या रेघा, पाच ते तीन. आणि फुलाच्या मधोमध, खड्ड्याच्या कडेला, लाल रंगाने काढलेला एक गुबगुबीत ढग.

चूक राहिली वाटतं, असं म्हणत मिनलने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ढगात दोन पांढरे ठिपके होते, एकमेकांना चिकटून. एक मोठा, एक त्याच्या खांद्याला लागणारा. हेल्मेटं होती ती.

खाली बाबांनी लिहिलं होतं: "हे दोन ठिपके जास्तीचे आहेत. कुणीही खणू नयेत."

मिनलने तो फोटो इतका वेळ मोठा करून बघितला, की एखादा हातमोजा असता तर सापडला असता. मग तिने लिहिलं, "जेवलात का?"

"रोलर उद्या सकाळी मिळणार आहे. निघालोय घरी."

ती ताडकन उठली. "कुठवर आलात?"

उत्तर यायला जरा वेळ लागला.

"साइटच्या गेटवर. समोरचा ट्रक हलला की निघतो."

मिनलने आत जाऊन रांगोळीची पावशेराची पिशवी आणली. दारासमोर, जिन्याच्या तोंडाशी, फूटपट्टी लावून, एका डोळ्याने बघून, तिने ठिपके घातले. मधे पाच, वर-खाली चार, मग तीन. आई दारात येऊन उभी राहिली.

"जोडत नाहीस?"

"माझं काम झालं," मिनल म्हणाली. "पुढचं काम चाकणहून निघालंय."

आईने कणीक जरा जास्त भिजवली. मिनल उंबऱ्यावर बसून राहिली, जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करत. या वेळी ठिपक्यांवर तिने नजर ठेवली होती. तसं तिथे भिण्यासारखं काही नव्हतं म्हणा. त्यांचा जिना अरुंद होता, आणि जेसीबी काही त्यातून वर आला नसता.